शीचा रंग

बाळाच्या शीवर लिहितोय, जेवत असाल तर नंतर वाचा!

यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळी काही बाळांची बंदच असते. मग कावीळ २ आठवड्यांनंतरही उतरत नाही आणि शी पांढुरकी होते. जपानच्या मोरिओ कासाईंनी १९५९ साली मांडलेलं ऑपरेशन आतडं थेट यकृताला जोडतं, पण ६० दिवसांच्या आत झालं तर जास्त उपयोग.

धाटावच्या आमच्या भाचीला सगळे ‘कोवळं ऊन दाखवा’ सांगत होते. ५व्या आठवड्यात दुपटी धुताना मावशी म्हणाली, "अरे, शीला रंग का नाही रे?"

तैवानने २००४ पासून आयांच्या हाती शीच्या रंगांचं कार्डच दिलं. मी ते छापून पाहिलं, घरच्या प्रिंटरवर सगळेच रंग फिके! मावशीची नजर बरी.

मुंबईत ४२व्या दिवशी ऑपरेशन झालं. पुढेमागे यकृत बदलावंही लागेल कदाचित. पण आठवड्याभराने मावशीचा फोन, हॅलो वगैरे काही नाही, "पिवळी झाली रे!"