अब्राहमच्या टेकडीवर

इंग्लंडात डर्बीशायरमधल्या मॅटलॉक बाथला जाल, तर ‘हाइट्स ऑफ अब्राहम’ पाहिल्यावाचून परतू नका. १७५९ च्या क्विबेकच्या लढाईची आठवण म्हणून हे नाव पडले. टेकडी १७८० पासून सहलकऱ्यांना खुली आहे. तारेवरचे पाळणे मात्र १९८४ चे. त्यांतून डरवेंट नदी ओलांडून आम्ही सहकुटुंब वर गेलो.

वरच्या गुहा म्हणजे शिशाच्या जुन्या खाणी. खाणकामगार मेणबत्तीच्या उजेडात खडक फोडत, हे वाटाड्याने सांगितले आणि दिवे मालवले. मुलांची बडबड थांबली.

“बाबा, ते रोज इथं यायचे?” धाकटीने हळूच विचारले.

“रोज.”

बाहेर आल्यावर डबे उघडायला आम्ही झाडाखालची सावली शोधली. मुले ऐकेनात. भर उन्हातच बसायचे, असा दोघांचा हट्ट!