मंद स्वराची परीक्षा

आमचे घोडेगाव मोठ्या आवाजाचे गाव. अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर महामार्गावरून रात्रंदिवस मालमोटारी धावतात, कांद्याच्या बाजारात लिलावाच्या हाका उठतात, लग्नाच्या मांडवात कर्णे लागतात. अशा गावात घरच्या संगीतासाठी उंची इंटिग्रेटेड अँप्लिफायर घ्यायचे आम्ही ठरविले, तेव्हा आप्तांचा पहिला प्रश्न आला, "किती वॅटचा?"

प्रश्न स्वाभाविक होता, परंतु वॅटचा हिशेब फसवा असतो. शक्ती दुप्पट केली तर आवाज अवघा 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दसपट शक्ती लागते. आमच्या बारा बाय चौदा फुटांच्या खोलीत नित्याच्या ऐकण्याला एखादा वॅट पुरतो. तबल्याच्या थापेला क्षणभर त्याच्या कितीतरी पट लागते. तेवढी शिल्लक हाताशी असली म्हणजे झाले. 1978 साली निघालेला नॅड कंपनीचा 3020 हा अँप्लिफायर कागदोपत्री केवळ 20 वॅटचा, तरी रसिकांनी तो डोक्यावर घेतला.

म्हणून दुकानात आम्ही मंद स्वराची परीक्षा घेतली. प्रथम काहीच न वाजविता स्पीकरला कान लावला व घरघर येते का ते पाहिले. मग आवाज अगदी हळू ठेवला. कित्येक यंत्रांत या टप्प्यावर डावी-उजवी बाजू समतोल राहत नाही. दीडशे वॅटचे एक यंत्र येथेच मागे पडले. चाळीस वॅटचे टिकले.

शेवटी आम्ही वडिलांच्या भजनांची सीडी लावली. ती एका जुन्या ध्वनिफितीवरून करून घेतली होती. आयुष्यातल्या अखेरच्या नाताळात, थकल्या छातीने ते गायले होते. ओळ संपताना त्यांचा सूर श्वासात विरतो. तो श्वास आम्हांला त्या दिवशी प्रथमच स्पष्ट ऐकू आला. आई डोळे पुसत म्हणाली, "हाच घ्या." वाचलेल्या पैशांतून व्होल्टेज स्टॅबिलायझर आला, गावच्या विजेला तो हवाच होता.

होरेब पर्वतावर एलिया संदेष्ट्याला परमेश्वर वादळात, भूकंपात वा अग्नीत भेटला नाही. त्यानंतरच्या मंद ध्वनीत भेटला. घराबाहेर कर्णे पुष्कळ आहेत. घरात मात्र गेलेल्या माणसाचा श्वास जपणारे यंत्र असावे, आणि तो ऐकण्याइतकी शांतता आपणच राखावी.