एक यंत्र, दोन आसने

एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला रांगेचे तत्त्वज्ञान शिकवावे लागत नाही. न्हाणीघराची रांग, वर्तमानपत्राची रांग आणि अलीकडे संगणकाची रांग. रांगेत सर्वांचे हक्क सारखे असतात असे म्हणतात. पण कोणत्याही घरात नीट पाहिले तर रांगेच्या शेवटी नेहमी तीच ती माणसे उभी दिसतात.

आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याजवळ तळ ठोकला, त्या तळाचे पुढे शहर झाले, नाव मात्र लष्करच राहिले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, काकांचे दुकान बंद पडले, आणि घरातल्या एकुलत्या एक संगणकावर तिघांचा डोळा आला: दादाची स्पर्धा-परीक्षेची शिकवणी, माझी अकरावी आणि ताईचा एम. एस्सी.चा प्रबंध. ताई म्हणजे माझी चुलत बहीण. तिचा क्रमांक लागे रात्री अकरानंतर, स्वयंपाकघर आवरून झाल्यावर. दुसरे यंत्र घ्यावे असे ते दिवस नव्हते.

वास्तविक एका यंत्रावर अनेकांनी बसावे ही कल्पना फार जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेतील एम. आय. टी.मध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांनी ती करून दाखवली. पंगतीतला वाढपी जसा प्रत्येक पानाशी क्षणभरच थांबतो, तरी कोणाचेही पान रिकामे राहत नाही, तसे यंत्र एकाचे काम क्षणभर करून दुसऱ्याकडे वळते. त्याचा वेग इतका की प्रत्येकाला वाटावे, हे माझ्या एकट्याचेच आहे. १९६९ मध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत आरंभलेली युनिक्स प्रणाली याच विचारावर वाढली, आणि १९९१ मध्ये लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने तिच्याच धर्तीवर लिनक्स लिहिली. ब्राझीलच्या पराना राज्यात तर सरकारी शाळांतून एकेका यंत्रावर चार-चार मुले बसवली गेली. मग आमच्या माजघरात दोघे का बसू नयेत?

लिनक्सचे प्राथमिक पाठ मला मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात मराठीतून मिळाले. (आपल्या कानडी विभागातील मित्रांसाठी ते कन्नडमध्येही आहेत.) बाकी साहित्य जुन्या बाजारातले: एक ग्राफिक्स कार्ड, एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माऊस आणि एक यूएसबी हब. यंत्राच्या अंगच्या ग्राफिक्सवर पहिला पडदा, कार्डावर दुसरा. कार्ड बसवले की अंगचे ग्राफिक्स बंद पडते अशी पुष्कळ यंत्रांची खोड असते. ते बायॉसमध्ये जाऊन मुद्दाम चालू ठेवावे लागते. लिनक्सच्या भाषेत एका माणसाच्या पडदा-कीबोर्ड-माऊस या संचाला ‘सीट’ म्हणतात, आपण आसन म्हणू. पहिल्या आसनाचा क्रमांक शून्य. ‘लॉगिनसीटीएल’ नावाच्या आज्ञेने मी नवे कार्ड आणि तो हब आसन क्रमांक एकला जोडून दिला. ही वाटणी यंत्र कायमची लक्षात ठेवते. पुन्हा सुरू केले तेव्हा दोन्ही पडद्यांवर नाव विचारणारी चौकट स्वतंत्रपणे उमटली, आणि ताईने दिवसाढवळ्या, दुपारी तीन वाजता, आपले नाव टाकले.

अडचणी नव्हत्या असे नाही. दादाने एकाच वेळी वीस पाने उघडली की ताईचे यंत्र जड होई, कारण स्मृती एकच. वीज गेली की दोघेही एकदमच अंधारात. पण खरा प्रश्न पुढेच होता. आठवड्याने ताईने विचारले, “माझ्या फायली तुला दिसतात का रे?”

दिसत होत्या. त्या वेळच्या उबुंटूत एकाचे घर दुसऱ्याला उघडून वाचता येई. ही रीत त्यांनी २०२१ च्या एप्रिलमधील आवृत्तीपासून बदलली. ‘सीएचमॉड ७००’ एवढी एक ओळ लिहिली की दार बंद होते. ती मी लिहिली, आणि तिला हेही सांगितले, की यंत्राची मुख्य किल्ली ज्याच्याकडे, त्याला कुठलेच दार बंद नसते. आणि ती किल्ली माझ्याकडे आहे.

“मग ती मला दे,” ताई म्हणाली.

दादा हसला. “घरातल्या घरात लपवायचं काय असतं गं?” काकू काही बोलल्या नाहीत. उत्तर दिले ते आजीने. “माझ्या पेटीला जन्मभर कुलूप होतं,” ती म्हणाली, “म्हणून काय मी वेगळी चूल मांडली? दे रे तिला किल्ली.”

ताईने नवा पासवर्ड घातला. त्या दिवसापासून आमच्या यंत्राची मुखत्यार ती. नवे काही बसवायचे तर मी आणि दादा तिला विचारू लागलो. रांगेच्या शेवटचे माणूस असे चुपचाप कारभारी झाले. २०२१ मध्ये तिचा प्रबंध पूर्ण झाला. त्याशेजारच्या फायलींत ती आणखी काय लिहीत होती हे मला आजही ठाऊक नाही, आणि ते मला फार बरे वाटते.

मला वाटते, वाटून घेणे म्हणजे सर्व काही उघडे टाकणे नव्हे. आपल्या या अंकाचेच पाहा ना! बांधणी एक, त्यात मराठी विभाग आपला, कानडी विभाग आपला. कोणी कोणाच्या पानात ढवळाढवळ करीत नाही, म्हणूनच अंक एक राहतो. अनेक महाविद्यालयांतून जुनी यंत्रे आज धूळ खात पडली असतील. त्यांच्यावर दोन-दोन आसने मांडणे मुळीच अवघड नाही, एका दुपारचे काम आहे. मात्र मांडण्यापूर्वी एवढे ठरवावे, की किल्ली कोणाकडे राहणार. आणि शक्य तर ती रांगेत सर्वांत मागे उभ्या असलेल्याच्या हाती द्यावी.