सरमेची ओसरी

धारच्या किल्ल्याखालच्या रस्त्यावर ती आम्हांस प्रथम दिसली, तेव्हा पाऊस लागून राहिला होता. धारेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही परतत होतो. मागचा एक पाय तिने उचलून धरला होता आणि गळ्यात सुतळी रुतली होती. कोणी घर बदलताना मागे टाकून गेले, एवढेच तेथील चहावाल्याने सांगितले. सुतळी कापली, पशुवैद्यांकडून पाय बांधून घेतला, रेबीजची लस टोचवली आणि इंदूरमार्गे शंभरएक किलोमीटर तोडून रात्री तिला देवासला आणले. मोटारीत ती हूं की चूं करीना. त्या शांतपणाला आम्ही सुस्वभाव समजलो. ती निव्वळ भीती होती.

घरी आमच्या आत्याबाई. वय शहाऐंशी, सोवळे कडक. "दत्ताच्या पायांशी चार कुत्री असतात, ती तसबिरीत," त्या म्हणाल्या. शेवटी तह झाला. अंगण व ओसरी कुत्रीची, माजघराच्या उंबरठ्यापासून आतले राज्य आत्याबाईंचे. देवासकरांस असली व्यवस्था नवी नव्हे. या एका गावात पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने १९४८ पर्यंत नांदली. आमच्या घरात त्यांचे पुनरुज्जीवन झाले इतकेच. नाव मात्र आत्याबाईंनीच ठेवले. पणींनी लपविलेल्या गाईंचा माग काढणारी ऋग्वेदातली इंद्राची कुत्री, सरमा.

आमची सरमा कशाचाच माग काढीत नसे. दिवा मालवल्यावाचून ती अन्नाला तोंड लावीत नसे, आणि केरसुणी दिसताच जागच्या जागी मुतत असे. पशुवैद्य म्हणाले होते, "पहिले तीन दिवस केवळ धास्तीचे, तीन आठवड्यांत घराची रीत कळू लागते, घर आपले वाटायला तीन महिने. अर्थात हा ठोकताळा, पंचांग नव्हे." आम्ही मात्र तारखा मोजू लागलो. जन्मभर शाळेत मुले शिकविली, तेव्हा एका कुत्रीस 'थांब' हा शब्द शिकविणे ते काय अवघड!

एकोणिसाव्या दिवशी ती उंबरठा ओलांडून आत गेली आणि नैवेद्याच्या ताटातला लाडू तिने उचलला. आम्ही तिचे नाव घेऊन ओरडलो व हातातली छत्री उगारली. मारले नाही, असे आम्ही आजही सांगतो. पण तिच्या लेखी तो फरक नव्हता. शिक्षेचा संबंध कुत्रे मागल्या अपराधाशी लावीत नाही, समोरच्या माणसाशी आणि त्याच्या हाताशी लावते. धर्मराजाने श्वानासाठी स्वर्ग नाकारला. आम्हांस एक लाडू सोडवला नाही.

सरमा टाकीमागच्या सांदीत शिरली ती दोन दिवस बाहेर आली नाही. अन्न नाही, पाणी नाही. दुसऱ्या रात्री आत्याबाई म्हणाल्या, "अरे, शाळेत मुलांनासुद्धा असाच शिकवीत होतास का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी टाकीकडे पाठ करून आम्ही तासभर नुसते बसू लागलो. हाक नाही, आज्ञा नाही. समोर माताजींची टेकडी. तिच्याच पायथ्याच्या वस्तीत आपल्या बेळगावकडचे कुमार गंधर्व राहिले. १९४८ साली क्षयाने खंगून ते देवासला आले, डॉक्टरांनी गाणे बंद केले, आणि वर्षानुवर्षे त्यांनी वाटेने जाणाऱ्यांची माळवी गीते केवळ ऐकली. गाणाऱ्याने न गाता राहायचे! आम्हांस तर फक्त तोंड मिटायचे होते, आणि तेही जड गेले. सहाव्या संध्याकाळी पाठीला ओले नाक लागले. आम्ही वळून पाहिले नाही.

आता आरतीच्या वेळी सरमा उंबरठ्याच्या अलीकडे पुढचे पाय टेकून बसते. तह मोडला तो आत्याबाईंनी. तिच्याकडे न पाहता त्या भाकरीचा तुकडा उंबरठ्यावर, नेमका मधोमध, ठेवतात. केरसुणीची भीती मात्र गेलेली नाही. म्हणून अंगणातली निंबाची पाने सध्या आम्ही हाताने वेचतो. सरमा मागोमाग हिंडते, आणि कंबर फार दुखते.