बावीस हजारांत हंपी

मोटारीनें सहकुटुंब लांबचा प्रवास करणें ही श्रीमंतांची चैन आहे, अशी समजूत मध्यम स्थितींतील लोकांत अद्याप रूढ आहे. मोटारी आतां पुष्कळांच्या दारांत उभ्या असतात. पण त्या बहुधा बाजार, लग्नकार्य आणि दवाखाना यांपलीकडे जात नाहींत. सन २०२५ च्या दिवाळीच्या सुटींत आम्ही पांच माणसें अहिल्यानगरहून सोलापूर, विजापूर व बदामी या मार्गानें हंपीस जाऊन आलों. जातां-येतां सुमारें १३०० किलोमीटर वाट झाली. त्याचा हिशेब आपल्या शाळेच्या वार्षिकांत द्यावा असें वाटण्याचें कारण हें कीं, सुटीनंतर मुलांनीं मला हंपीविषयीं दोन प्रश्न विचारले आणि खर्चाविषयीं दहा. कांहीं पालकांनींहि फाटकाशीं गांठून तेंच विचारलें.

आधीं जाण्याविषयींच घरांत एकमत नव्हतें. माझी थोरली मुलगी बारावीस आहे. पुढें परिचर्येच्या शिक्षणासाठीं तिला परगांवीं जावयाचें आहे, आणि त्या खर्चाची पहिली रक्कम डोळ्यांपुढें उभी आहे. अशा वेळीं फिरावयास निघणें शोभतें काय, असें सौभाग्यवतीचें म्हणणें होतें, व तें वावगें नव्हतें. माझें म्हणणें एवढेंच कीं, मुलगी एकदां घराबाहेर पडली म्हणजे आपण पांचहि जण एका मोटारींत पुन्हां केव्हां बसूं हें सांगतां येत नाहीं. आणि आईला चौऱ्याहत्तरावें वर्ष लागलें आहे. शेवटीं तोड निघाली ती अशी: शिक्षणाच्या रकमेस हात लावावयाचा नाहीं, वर्षभर थोडे थोडे बाजूस टाकून जमलेले बावीस हजार रुपये हीच सीमा. खर्चाची वही मुलीच्या हातीं राहील, आणि तिनें 'नाहीं' म्हटलें तर तें सर्वांनीं, मींहि, मानावयाचें.

सर्वांत मोठा खर्च पेट्रोलचा. आमची मोटार जुनी व लहान आहे. ती लिटरला १८ किलोमीटर जाते असें धरलें तर १३०० किलोमीटरांस ७२ लिटर लागतात. हा आंकडा वाढणें वा घटणें हें पुष्कळसें चालविणाऱ्याच्या उजव्या पायावर अवलंबून असतें. विज्ञानाच्या तासास बसणाऱ्यांनीं येथें क्षणभर थांबावें. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ८० ऐवजीं १०० किलोमीटर वेग ठेवला तर वेग सव्वापट होतो. पण हवेचा विरोध सव्वाचा वर्ग, म्हणजे दीडपटीहून अधिक होतो. आणि सोलापूरपर्यंतच्या सुमारें २४० किलोमीटरांत वेळ वांचतो किती? कागदावर छत्तीस मिनिटें. गांवोगांवचे गतिरोधक आणि गुरांचे कळप लक्षांत घेतले तर त्याच्या निम्मीहि नाहींत. म्हणून ८० चा कांटा आम्ही ओलांडला नाहीं. मागून येणाऱ्या मोटारी भोंगे वाजवीत पुढें गेल्या; त्यांतल्या दोन पुढील चहाच्या टपरीशीं उभ्या दिसल्या! टपावर सामान बांधलें कीं हाच विरोध आणखी वाढतो, म्हणून माणशीं एक पिशवी असा नियम केला. माझ्या धाकट्या मुलाची बॅट त्या नियमांत बसली नाहीं, आणि त्याविषयीं तो अजून बोलतो.

पेट्रोलचा भाव सर्व राज्यांत सारखा नसतो, हें पुष्कळांस ठाऊक आहे. कां, हें थोड्यांस. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला तेव्हां पेट्रोल त्याबाहेर ठेवण्यांत आलें, आणि प्रत्येक राज्य त्यावर आपापला विक्रीकर बसवितें. आमच्या प्रवासाच्या वेळीं कर्नाटकांत लिटरमागें दीड-दोन रुपये कमी पडत होते. तेव्हां सोलापुरांत टाकी भरावयाची नाहीं आणि परततांना मात्र सीमेअलीकडे येण्यापूर्वीं भरावयाची, इतकें केलें. पन्नास-साठ रुपये राहिले. एवढ्यासाठीं वाट वांकडी करून दहा किलोमीटर जाणारेहि लोक आहेत. त्यांना गणित कोणीं शिकविलें कोण जाणे.

पथकराच्या नाक्यांचीहि तीच गोष्ट. खासगी मोटारींसाठीं १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला; आरंभीं त्याची किंमत ३००० रुपये होती, व तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतील जें आधीं संपेल तोंवर चालावयाचा. जो रोज महामार्गानें नोकरीस जातो त्याला नाक्यामागें पंधराच रुपये पडले. आम्ही वर्षांतून एकदां निघणार. आमच्या वाटेवरील सर्व नाक्यांची बेरीज तीन हजारांच्या पुष्कळ आंत होती. मुलीनें वहींत दोन्ही आंकडे मांडले व पास नाकारला. स्वस्त वस्तूहि आपल्याला नको असेल तर महागच.

जेवणाच्या बाबतींत मात्र आम्हांस पूर्वजांनीं मोठी शिदोरी देऊन ठेवली आहे. बैलगाडीनें दहा दहा दिवस वाट चालणारे लोक काय खात होते? दुधांत भिजविलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेलें पीठ. सौभाग्यवतीनें पहिल्या दोन दिवसांपुरत्या दशम्या व धपाटे केले, आणि पुढची तरतूद सोलापुरांत झाली. सोलापूरची कडक भाकरी ज्यांनीं खाल्ली नसेल त्यांनीं ती अवश्य खावी. ज्वारीची ही पातळ भाकरी कुरकुरीत होईपर्यंत सुकविलेली असते आणि कित्येक दिवस टिकते. तिच्याबरोबर शेंगांची चटणी व वाटेंत घेतलेलें दही असलें म्हणजे पानांत आणखी कांहीं लागत नाहीं. दोन डझन भाकऱ्यांनीं आमचीं चार वेळचीं जेवणें काढलीं. पाणी घरून मोठ्या कॅनमधून नेलें होतें व लॉजवर भरून घेत होतों. दिवसांतून एक जेवण मात्र बाहेर, बसून, गरम घ्यावयाचें असें आईसाठीं ठरविलें होतें, आणि त्यांत कधीं खंड पडूं दिला नाहीं.

बदामीजवळ बनशंकरीच्या देवळापाशीं खेड्यांतील बायका टोपल्यांतून ज्वारीच्या भाकरी, उसळ, दोन-तीन तऱ्हेच्या चटण्या आणि लहान मडक्यांतलें दही घेऊन बसतात. आम्ही एका म्हातारीपुढें बसलों. शेजारीं एक सद्गृहस्थ तिच्याशीं पानामागें दहा रुपयांसाठीं घासाघीस करीत होते. ते आमच्याच बाजूचे, मोटार आमच्याहून दुप्पट मोठी. "अहो, दहा रुपये इथें सुटतात तर सोडवून घ्यावे," असें त्यांनीं मला मोठ्या आपुलकीनें सांगितलें. म्हातारीला मराठी फारसें कळत नव्हतें; पण दहा बोटें दाखविलेलीं कळत होतीं. माझ्या मुलानें हळूच विचारलें, "बाबा, आपणहि कमी करायला सांगायचें का? आपल्याला तर खरेंच वांचवायचे आहेत." मीं उत्तर देण्यापूर्वीं मुलीनें वही मिटली आणि म्हणाली, "हिच्याकडून नाहीं." सौभाग्यवतीनें "अव्वा" अशी हांक मारून आणखी दही मागितलें व सांगितलेले पैसे मोजून दिले. ज्वारी पेरून, कापून, दळून, पहाटे थापून तीन कोसांवरून डोक्यावर आणलेल्या अन्नाला तो भाव, माझ्या मतें, कमीच होता.

पाहण्याच्या ठिकाणांस खर्च किती थोडा येतो याचें मला नवल वाटतें. पुरातत्त्व खात्याच्या स्थळांत पंधरा वर्षांखालील मुलांस तिकीट पडत नाहीं. विजापूरचा गोल घुमट, बदामीचीं लेणीं व ऐहोळ येथें आम्हां मोठ्यांस माणशीं २५, आणि जागतिक वारशांत गणलेल्या पट्टदकल व हंपी येथें ४० रुपये दर होता. रोख न देतां मोबाईलवरून दिले तर पांच रुपये कमी. हंपीस विठ्ठल मंदिर व राण्यांचा महाल यांस एकच तिकीट चालतें, पण तें त्याच दिवशीं. म्हणून दोन्ही स्थळें एकाच दिवशीं धरलीं. गोल घुमटाच्या कोंपऱ्यांतील मनोऱ्याचे जिने आईला चढवले नसते. ती खालीं मुहंमद आदिलशहाच्या थडग्यापाशीं बसून राहिली, आणि मुलें वर जाऊन घुमटांतून "आजी" म्हणून ओरडलीं. तो शब्द किती वेळां परत आला हें मोजण्यांत ती रमली. सातवर तिची गणती चुकली म्हणे. १६५६ सालीं पुऱ्या झालेल्या त्या इमारतीनें पंचवीस रुपयांत आमच्या घराला एवढें हंसविलें!

राहण्यासाठीं आम्ही भाऊबीज व तिच्यापुढचा शनिवार-रविवार जाऊं दिला आणि सोमवारीं पहाटे निघालों. आदल्या आठवड्यांत ज्या खोलीस तीन हजार सांगत होते ती चार खाटांची खोली आठवड्याच्या मधल्या दिवसांत अठराशेंस मिळाली. पांचव्यासाठीं गादी वर. एके ठिकाणीं पावतीवर १२ टक्के कर लावलेला होता. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे, हें मुलीनें नम्रपणें सांगितलें. व्यवस्थापकांनींहि खळखळ न करतां पावती बदलली.

आतां राहिला शेवटचा दिवस. शुक्रवारीं सकाळींच हंपी सोडून रात्रीं घरीं पोहोंचावें असा बेत होता. पण आई तुंगभद्रेच्या कांठीं बसली ती उठेना, आणि तिला उठवावें असें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं. निघावयास तीन वाजले. विजापुरास आलों तेव्हां रात्रीचे आठ होत होते आणि घर अजून ३४० किलोमीटर दूर. वहींत आणखी एका मुक्कामाचे पैसे नव्हते. रात्रभर मोटार हांकली तर अठराशें रुपये वांचत होते व सीमा पाळली जात होती. मुलगी वही उघडून गप्प बसली होती.

त्या वाटेवर संध्याकाळपासून ऊसतोडीच्या मजुरांचे ट्रॅक्टर दिसत होते. दिवाळी सरली म्हणजे बीड व आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागांतून हीं कुटुंबें कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलींत भांडीं, सरपण, कोंबड्या, कोपींचें सामान आणि त्यावर मुलें. मागें दिवा कधीं असतो, कधीं नसतो. माझ्या वर्गांतील दोन जागा दरवर्षीं या दिवसांत रिकाम्या होतात आणि उन्हाळ्यापर्यंत रिकाम्याच राहतात. तींहि सहकुटुंब लांबच्या प्रवासास निघालेलीं माणसें होतीं. त्यांना रात्रींच जावें लागतें. आम्हांला तसें नव्हतें. थकलेल्या डोळ्यांनीं, समोरून दिवे अंगावर घेत, अशा एखाद्या बिनदिव्याच्या ट्रॉलीमागून जाणें हें मला आमच्यासाठींहि नको होतें आणि तिच्यांतल्या मुलांसाठींहि. मीं मोटार लॉजच्या आवारांत वळविली. सौभाग्यवती म्हणाली, "बरें केलेंत. मी आतां तेंच म्हणणार होतें."

शनिवारीं दुपारीं घरीं आलों. एकूण खर्च २२,८६० रुपये झाला. वरचे ८६० माझ्या नोव्हेंबरच्या खर्चांतून गेले, आणि त्या महिन्यांत मीं शाळेस सायकलीनें आलों, हें कित्येकांनीं पाहिलेंच आहे. शेवटच्या मुक्कामाचा आंकडा कोणत्या सदराखालीं लिहावा असा मुलीला प्रश्न पडला. 'राहणें' या सदरांत जागा उरली नव्हती. आई म्हणाली, "पेट्रोलांत घाल, गाडीसाठींच थांबलों ना आपण?" तिनें तसेंच लिहिलें आहे.