पडलो तरी नाक खाली

‘पडायचं कसं ते शिकवू नका, नाहीतर पोरं पडतील.’ हे वाक्य माझं. चोंढी नाक्यावर, चहाचा ग्लास हातात धरून, चारजणांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलेलं. भाचीला किहीमच्या पोरांसाठी आमच्या वाडीत दोन दिवसांचं चढाईचं शिबिर घ्यायचं होतं आणि त्यातला पहिला अख्खा दिवस ती पोरांना नुसतं पडायला शिकवणार होती. मला ते अभद्र वाटलं. लग्नघरात कुणी काडीमोडाचे कागद तयार करून ठेवावेत तसं. शिबिर मी होऊ दिलं नाही. वाडी माझी, माड माझे, शब्दही माझाच चालला.

ही गोष्ट २०१९ची. आता तीच भाची महिन्या-दोन महिन्यांनी येते आणि त्याच वाडीत पोरं पडतात, उठतात, पुन्हा पडतात. मधे काय झालं ते सांगायला बसलोय. त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही.

मी चढायला शिकलो ते १९८०च्या दशकात, मुंब्र्याच्या खडकांवर आणि मग सह्याद्रीतल्या सुळक्यांवर. हार्नेस परवडायचा नाही. कमरेला दोराचे वेढे, त्याला गाठ, खिशात चार मेखा, की निघालो. आम्हाला शिकवणाऱ्यांनी एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती: पुढे चढणाऱ्यानं पडायचं नाही. ‘शक्यतो पडू नये’ असं नाही, पडायचंच नाही. त्यामुळे पडण्याविषयी आमच्यात कोणी बोलायचं नाही. साप म्हणायच्या ऐवजी लांबडं म्हणतात ना, तसं आम्ही पडण्याला ‘सुटणं’ म्हणायचो. एखादा सुटला तर पुढचे दोन महिने तो मागच्या ओळीत.

हा नियम कुठून आला याचा विचार मी तीस वर्षं केला नाही. केला असता तर सापडलं असतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत गिर्यारोहकांचे दोर वनस्पतीच्या धाग्यांचे असत, आपल्या काथ्याचे लांबचे भाऊबंद म्हणा. मोठा हिसका बसला की ते तुटत. म्हणजे पुढचा पडला की दोर असून नसल्यासारखा, तेव्हा ‘पडायचं नाही’ हे शंभर टक्के बरोबर होतं. महायुद्धानंतर नायलॉन आलं. १९५३मध्ये एडेलरिड या जर्मन कंपनीनं आत गाभा आणि वरून विणलेलं आवरण असा दोर आणला. चढाईचा असा दोर ताणला जातो, पडणाऱ्याचा हिसका स्वतः पितो आणि माणसाला हळू थांबवतो. पडणं झेलण्यासाठीच तो बनवलेला असतो. आम्ही नायलॉनचा दोर वापरायचो आणि नियम काथ्याच्या दोराचा पाळायचो. दोराचा दोष होता, तो आम्ही माणसाच्या चारित्र्यावर ढकलला.

खरं तर डोळे उघडायची एक संधी मला २०१६च्या मे महिन्यात मिळाली होती. नवी मुंबईत बोल्डरिंगची जागतिक करंडक स्पर्धा झाली. १९५४ सालापासून मुंबईच्या गिर्यारोहणात असलेल्या ‘गिरिविहार’नं ती भरवली होती. भाचीनं ओढून नेलं म्हणून गेलो. सुमारे चार मीटरची भिंत, दोर नाही, खाली जाड गाद्या. जगातले उत्तमोत्तम चढणारे दर मिनिटाला पडत होते. पाठीवर लोळत होते, उठत होते, हाताला खडूची भुकटी चोळून पुन्हा त्याच पकडीला झोंबत होते. कोणाच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नाही. मी भाचीला म्हटलं, ‘गादीवर कोणीही पडेल.’ ती म्हणाली, ‘मामा, तू पडून दाखव.’ मी वडापाव आणायला गेलो.

आता काकांविषयी. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. माझ्या लहानपणापासून आमच्या वाडीतले नारळ पाडायला तेच येतात. पायात दोरीचा फास, कमरेच्या आकडीला कोयता, आणि बोलता बोलता माणूस वर. त्यांच्या चढण्यात घाई कधी दिसली नाही. हात वर, पाय वर, थांबा. हात वर, पाय वर, थांबा. शेंड्यात पोचल्यावर ते एका झावळीला नुसता धक्का देऊन बघायचे, मग तिला हात घालायचे. ‘माडानं मला कधी टाकलं नाही,’ असं ते म्हणायचे आणि मुंबईचे पाहुणे आले की मी ते वाक्य त्यांना माझ्या घरचं वैभव असल्यासारखं ऐकवायचो.

त्यांचा मुलगा मात्र वेगळा निघाला. नारळ विकास मंडळानं २०११पासून माडावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं आहे, यंत्रासकट. केरळातल्या एका शेतकऱ्यानं बनवलेलं ते यंत्र: डाव्या पायाला एक भाग, उजव्याला एक, दोन्हींचे लोखंडी तारेचे फास खोडाभोवती, आणि जिना चढल्यासारखं उभ्यानं वर जायचं. मुलगा ते शिकून आला. वाडीत पहिल्यांदा यंत्र लावलं तेव्हा मी विचारलं, ‘माडावर सायकल चालवतोस काय रे?’ सगळे हसले. काकाही हसले. मुलगा हसला नाही. यंत्र त्यानं घरी नेलं आणि पुढे काही दिवसांनी तो चोंढीला एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागला.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. त्या दुपारी काय झालं ते रायगडच्या किनाऱ्यावर कोणाला सांगायला नको. आमच्या वाडीतले सतरा माड पडले आणि पोफळी किती ते मोजल्याच नाहीत. पण पडलेली झाडं निदान पडलेली दिसतात. उभी राहिलेली फसवतात. पिळवटलेला शेंडा वरून हिरवा दिसतो, जखमेतून सोंड्या भुंगा शिरतो, आतून खोड कुरतडलं जातं आणि खालून काही कळत नाही. पुढच्या उन्हाळ्यात काका अशाच एका माडावर चढले. तरुण झाड, वीस-एकवीस फूट. काकांच्या हिशेबात ते झाडच नव्हे. त्यांनी नेहमीसारखा झावळीला धक्का दिला, ती हलली नाही, त्यांनी हात घातला, आणि झावळ बुंध्यासकट त्यांच्या हातात आली.

वीस फुटांवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. वेग ताशी जवळजवळ चाळीस किलोमीटर. ‘सावध’ म्हणायलाही वेळ नाही. काका सरळ, ताठ पायांवर आले. दोन्ही टाचा फुटल्या. डॉक्टरांनी लगेच कमरेचा एक्स-रे सांगितला. उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाची टाच मोडली असेल तर ते मणकाही बघतातच, कारण हिसका टाचेतून थेट पाठीत जातो. मणका दबला होता. काका वाचले. चालतात, काठी घेऊन. माडावर पुन्हा चढले नाहीत.

इस्पितळाच्या बाकावर बसून मला जे आठवत होतं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझ्या घरच्या कपाटात दोन हार्नेस होते. भाचीनं दिलेले, कोरे, पिशवीतून न काढलेले. पडून होते. (हा शब्द इथे यायलाच हवा होता का?) माडावर चढणाऱ्यांसाठी मंडळाची विम्याची योजना आहे, तिचा अर्ज काकांच्या मुलानं मला भरून द्यायला सांगितला होता, तोही राहिला. मी काकांना दोर बांधा म्हणालो नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे ‘तुम्ही पडाल’ असं म्हणणं. त्यांचा अपमान नको म्हणून मी त्यांना मोकळंच वर पाठवत राहिलो.

त्या पावसाळ्यात मी भाचीला फोन केला. शिबिर घे म्हणालो. ती म्हणाली, ‘घेते. पण पहिला विद्यार्थी तू.’

सुरूच्या बनाखाली, ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूवर माझी शिकवणी झाली. सुरुवात उभ्यानंही नाही, उकिडवं बसून. मागे लोळायचं. त्यात काय शिकायचं, असं वाटलं आणि पहिल्याच वेळी डोकं आपटलं. आपल्याकडे म्हणतात ना, पडलो तरी नाक वर? नेमकं तेच करायचं नसतं. हनुवटी छातीला, नाक खाली. नाक वर राहिलं की डोक्याची मागची बाजू आधी टेकते. दुसरी खोड हातांची. पडताना हात आपोआप मागे जातात, अंगाला सावरायला, आणि सगळं वजन मनगटावर येतं. म्हणून हात छातीशी. गुडघे सैल, दोन्ही पाय एकदम टेकवायचे, टेकताक्षणी खाली बसत जायचं आणि पाठीवर गोल लोळून जायचं. थांबायला जितकं जास्त अंतर मिळेल तितका हिसका कमी. ताणल्या जाणाऱ्या दोराचं जे काम, तेच इथे गुडघ्यांनी करायचं. जपानमध्ये ज्युदोचा पहिला धडा पडण्याचाच असतो, समोरच्याला पाडण्याचा नंतर. हे मला भाचीनं सांगितलं तेव्हा मी जरा चिडून म्हटलं, आपल्या मल्लखांबातही वरून उतरणं शिकवतातच की. मग स्वतःच गप्प झालो. म्हणजे हे आपल्याला ठाऊक होतं. मीच माझ्यापुरतं विसरलो होतो.

भाची वात्रट आहे. म्हणाली, ‘किहीमला पडण्याची थोर परंपरा आहे, मामा. सलीम अलींनी १९३०मध्ये सुगरणीचा अभ्यास इथेच केला आणि आत्मचरित्राला नाव दिलं ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’.’ मी म्हटलं, ‘त्या चिमणीला छर्रा लागला होता, तिला कोणी शिकवणी दिली नव्हती.’

पुढे दोरावरचं पडणं आलं. ते वाळूत होत नाही, त्यासाठी बेलापूरची चढाईची भिंत गाठली. तिथे नव्यानं कळलं की खाली दोर धरणाऱ्याचाही त्यात अर्धा वाटा असतो. त्यानं दोर खांबासारखा गच्च धरला तर वरचा माणूस भिंतीवर आपटतो. झेलताना त्यानं स्वतः थोडी उडी घेऊन पुढे जायचं असतं. आणि चढणाऱ्यानं पाहायचं की दोर आपल्या पायामागून गेलेला नाही ना. गेला असेल तर पडताना पाय अडकतो आणि माणूस उलटा होतो. आम्ही वर्षानुवर्षं दोर पायामागून नेत होतो. पडलो नाही म्हणून कळलं नाही, एवढंच.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर नवा मुसलमान जास्त वेळा नमाज पढतो तशातला प्रकार होईल. पडायला शिकलेली पोरं धीट होतात आणि कधीकधी नको तितकी. एकाचं मनगट वाळूतच मुरगळलं. आणि मुख्य म्हणजे चाळीस फुटी माडावरून सुटलेल्या माणसाला लोळण घेण्याची कोणतीही युक्ती वाचवत नाही. तिथे वेग ताशी पंचावन्न किलोमीटरपर्यंत जातो. वाळूतली विद्या गादीपुरती, बांधापुरती, फार तर पडवीच्या छपरापुरती. त्याच्यावर ‘सुरक्षित पडणं’ याचा अर्थ एकच: दीड-दोन फुटांतच पडणं संपलं पाहिजे.

हे माडावर कसं करायचं ते काकांच्या मुलानं आणि भाचीनं मिळून बसवलं. हार्नेसला दोन पट्टे. एक कमरेच्या दोन्ही बाजूंना अडकवून खोडामागून गेलेला, मागे रेलायला. पण तो एकटाच असला तर पाय सुटल्यावर खोडावरून घसरत खाली येऊ शकतो. म्हणून दुसरा, खोडाला फास घालणारा, वजन पडलं की आवळणारा. चढताना दोन्ही आळीपाळीनं वर सरकवायचे. वेळ लागतो. काका ज्या वेळात तीन माड उरकायचे त्यात एक होतो आणि मजुरी झाडामागे मिळते, हे भाचीच्या कागदावर नव्हतं. मुलानं सांगितलं तेव्हा मी माझ्या वाडीपुरता दर वाढवला. खाली दुसरा माणूस हवाच, कारण हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्याला लवकर खाली घ्यावं लागतं.

आणि प्रत्येकानं आधी जमिनीपासून तीन फुटांवर पाय सोडून बघायचं. पट्टा आवळतो हे कानांनी ऐकून चालत नाही, अंगाला कळावं लागतं.

गेल्या माघात माझी पाळी आली. काका ओट्यावर काठी टेकून बसलेले. तीन फूट म्हणजे किती, माझ्या कमरेएवढं. पाय खोडावर, दोन्ही पट्टे तपासलेले, खाली वाळूच्या गोण्या पसरलेल्या. भाची म्हणाली, सोड. मुलगा म्हणाला, सोडा. मी खोडाला मिठी मारून तसाच. बोटं उघडेनात. तीस वर्षं ज्यांना ‘सुटायचं नाही’ शिकवलं होतं ती बोटं; ती माझं ऐकत होती, फक्त जुनं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग ओट्यावरून आवाज आला, ‘आता सोड ना रे. कवर धरून बसशील?’