घर दाखवणाऱ्या बाई

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो. ती डर्बीला नोकरी करते. लंडन तीन दिवसांत उरकलं. मग लेक म्हणाली, "आई, आता आपण इथली घरं बघू." हे लगेच म्हणाले, "दांडिया बझारातल्या घराने डोकं उठवलंय ते कमी आहे का, म्हणून इथेही घरंच बघायची?"

यांच्या बोलण्याला कारण होतं. आमचा वडोदऱ्याचा वाडा यांच्या आजोबांनी बांधलेला. मधे चौक, सागवानी खांब, मागे विहीर. आज तिथे मोठ्या जाऊबाई आणि त्यांचा मुलगा एवढेच राहतात. बाकीचे वाटेकरी पुणे, मुंबई, न्यू जर्सी असे पांगलेत. तीन खोल्यांना वर्षानुवर्षं कुलूप आहे. एका बिल्डरने चांगली रक्कम देऊ केली आणि 'वाडा' नावाच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज वादावादी सुरू झाली. खरं सांगायचं तर मी विकण्याच्या बाजूची होते. गळकं छप्पर आणि जुनी भांडी सांभाळण्यात कसलं आलंय मोठेपण, असं मला वाटे.

लेकीने दाखवलेली चारही घरं डर्बीशायर या एकाच परगण्यातली. इंग्लंडमध्ये 'कंट्री हाउस' म्हणतात ते फार्महाउस नव्हे. ते जमीनदाराचं गावाकडचं मुख्य घर. भोवती हजारो एकर जमीन, त्यावर कुळं, कुळांच्या खंडावर घराचा डोलारा. मालक पार्लमेंटच्या कामाला आणि मेजवान्यांना लंडनला जायचा, पण त्याची खरी सत्ता गावाकडच्या घरात. पाहुण्यांनी वैभव बघावं, गावकऱ्यांनी दबून राहावं, हाही बांधण्यामागचा हेतू.

आम्ही आधी गेलो हार्डविक हॉलला. हे घर एका बाईने बांधलं. बेस ऑफ हार्डविक चार वेळा लग्न झालेली, आणि चौथ्यांदा विधवा झाल्यावर इंग्लंडमधल्या अतिश्रीमंत स्त्रियांमध्ये गणली जाणारी. १५९० मध्ये काम सुरू झालं आणि १५९७ मध्ये ती राहायला आली, तेव्हा सत्तरीच्या आसपास होती. त्या काळी काच फार महाग. हिने भिंतीपेक्षा खिडक्याच जास्त लावल्या. जसजसं वर जावं तसतशी खिडक्यांची उंची वाढत जाते, कारण सगळ्यात मानाची दालनं सगळ्यात वर. घराच्या माथ्यावर चहूबाजूंनी दगडात कोरलेली तिच्या नावाची आद्याक्षरं लांबूनही वाचता येतात. हे म्हणाले, "आपल्याकडे गेटवर पाटी लावतात, हिने आभाळात लावली."

याच बेसने दुसऱ्या नवऱ्याबरोबर, विल्यम कॅव्हेंडिशबरोबर, चॅट्सवर्थला घर बांधायला घेतलं होतं. तिच्या वंशजांनी ते १६८७ पासून पुढे नव्याने उभारलं. आज जे चॅट्सवर्थ दिसतं ते डेव्हनशायरच्या ड्यूकांचं. २००५ सालचा 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पाहिला असेल, तर नायकाचं घर म्हणून तुम्हीही ते पाहिलंय. नदी, पूल, हिरव्या टेकड्या, चरणाऱ्या मेंढ्या. वाटतं, निसर्गानेच मांडून ठेवलंय. पण ती 'नैसर्गिक' टेकडीसुद्धा अठराव्या शतकात केपेबिलिटी ब्राउन नावाच्या बागरचनाकाराने आखून घेतलेली. पुढे एकोणिसाव्या शतकात, घराजवळचं एडेन्सर गाव जुन्या जागेवरून हलवून नव्याने वसवलं गेलं.

इथल्या बागेचा प्रमुख होता जोसेफ पॅक्स्टन, पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभारणारा. रशियाचा झार येणार म्हणून १८४४ मध्ये त्याने मोठं कारंजं केलं. वर टेकडीवर तळं खोदलं आणि पंप न लावता, नुसत्या उताराच्या दाबावर पाणी उंच उडवलं. झार आलाच नाही, कारंजं मात्र आहे. याच पॅक्स्टनने इथल्या काचघरात मॉरिशसहून आलेली बुटकी केळ वाढवली आणि ड्यूकच्या आडनावावरून तिला 'कॅव्हेंडिश' नाव पडलं. आपली जळगावची बसराई आणि आता सगळीकडे मिळणारी ग्रँड नैन ही याच कॅव्हेंडिश गटातली केळी. मी इतकी वर्षं श्रावणात केळीची शिकरण करतेय आणि तिचा एका ड्यूकशी संबंध आहे, हे मला डर्बीशायरमध्ये कळलं!

पण चॅट्सवर्थची मला लागलेली गोष्ट वेगळीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेचं स्वस्त धान्य आगबोटींनी येऊ लागलं, शेतमालाचे भाव पडले आणि खंडाचं उत्पन्न आटलं. १८९४ पासून वारसाकर लागला, आणि पुढे तो वाढतच गेला. पहिल्या महायुद्धात अनेक घरांचे वारस गेले, आणि गड्या-मोलकरणींना कारखान्यात-दुकानात बरी कामं मिळू लागली. दुसऱ्या महायुद्धात कितीतरी घरं सैन्याने ताब्यात घेतली. चॅट्सवर्थच्या ड्यूकने हुशारी केली. सैनिकांपेक्षा शाळकरी मुली बऱ्या म्हणून घर एका मुलींच्या शाळेला दिलं. म्हणजे दिवाणखान्यात खाटा आणि झुंबराखाली डबा खाणाऱ्या मुली!

त्याचा थोरला मुलगा १९४४ मध्ये बेल्जियममध्ये लढताना मारला गेला. ड्यूकने इस्टेट आधीच वारसांच्या नावे करून ठेवली होती, पण कर टाळण्यासाठी त्यानंतर पाच वर्षं जगणं भाग होतं. मुदत पुरी व्हायला थोडेच महिने उरले असताना, १९५० मध्ये तो गेला. वारसाकर लागला ८० टक्के. धाकटा मुलगा अँड्र्यू आणि त्याची बायको डेबोरा यांच्या डोक्यावर सुमारे ७० लाख पौंडांचा बोजा आला. जमिनी विकल्या, मोलाची चित्रं दिली, आणि करापोटी बेसचं हार्डविकसुद्धा सोडलं. तिथे अँड्र्यूची म्हातारी आजी राहत होती. जीर्ण झालेले भिंतीवरचे विणलेले पडदे ती वर्षानुवर्षं स्वतः सुई घेऊन दुरुस्त करायची. १९५९ मध्ये हार्डविक नॅशनल ट्रस्टकडे गेलं. त्या खिडकीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. इतकी टाके घातलेली वस्त्रं, आणि घर शेवटी दुसऱ्याच्या हाती.

विसाव्या शतकात इंग्लंडमधली अशी हजाराहून जास्त घरं पाडली गेली. संगमरवर, जिने, लाकडी तावदानं लिलावात गेली. जी वाचली, त्यांतली बरीच लोकांसाठी दारं उघडून वाचली. नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ मध्ये निघाली. १९३७ पासून तिला अशी घरं वारसांकडून घेण्याची सोय झाली, आणि पुष्कळदा जुन्या कुटुंबाला घराच्या एका भागात राहू दिलं गेलं. चॅट्सवर्थ मात्र ट्रस्टकडे गेलं नाही. डेबोराने तिकिटं, शेतमालाचं दुकान, पुस्तकं असं करत ते कुटुंबातच तगवलं. आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्येही राजघराणं राहतं आणि तिकीट काढून आपण दरबार हॉल पाहतो. तेव्हा वडोदऱ्याच्या माणसाला ही रीत नवी नाही.

तिसरं घर केडलस्टन हॉल, डर्बीपासून अगदी जवळ. १७५९ पासून बांधलेलं, रॉबर्ट ॲडमच्या हातचं. आत शिरताच अलाबास्टर दगडाचे २० गुळगुळीत खांब असलेला संगमरवरी हॉल लागतो. घर बांधताना दृश्यात आडवं येणारं गाव इथेही हलवलं. जुनं चर्च तेवढं घराला चिकटून उभं आहे. हे सगळं कर्झन घराण्याचं, आणि बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याच घरात १८५९ मध्ये जन्मला. योगायोग पाहा. कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे नंतरचं राजभवन, १७९९ ते १८०३ या काळात याच केडलस्टनच्या नकाशाच्या धर्तीवर बांधलं गेलं. म्हणजे कर्झन व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला उतरला तो जवळपास आपल्याच घराच्या सावलीत!

तळमजल्यावर त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. हस्तिदंत, चांदी, शस्त्रं. त्याच्या बायकोचा प्रसिद्ध मोराचा पोशाखही याच घरातला. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळचा. जरीचं भरतकाम हिंदुस्थानी कारागिरांचं, शिवण पॅरिसची. मोरपिसाच्या प्रत्येक डोळ्यात हिरव्या भुंग्याच्या पंखाचा तुकडा. लांबून पाचूच वाटतो. लेक म्हणाली, "किती सुंदर आहे ना!" सुंदर होताच. पण मला आठवलं की याच कर्झनने १९०० मध्ये संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांवर बंधनं आणणारं परिपत्रक काढलं होतं आणि ते आपल्या सयाजीराव महाराजांना मुळीच रुचलं नव्हतं. सुंदर आहे आणि बोचतंही, असं दोन्ही एकदम झालं. ही बोच एकट्या आपल्याला नाही. नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये स्वतःच अहवाल काढून आपल्या ९३ ठिकाणांचा वसाहतींशी किंवा गुलामगिरीशी असलेला संबंध मांडला. तिथे त्यावर मोठा गदारोळ झाला. घराची नुसती शोभा सांगायची की हिशोबही सांगायचा, हा त्यांच्यातलाही वाद आहे.

आणि मग याच घरात मला त्या भेटल्या. गार्नेटबाई. भिंतीवर एका वयस्क बाईचं साधंसं तैलचित्र, हातात यादीची पुस्तिका. मला वाटलं, कुणी कर्झनांची आजी. खोलीत बसलेल्या स्वयंसेवक बाई, सेवानिवृत्त शिक्षिका असाव्यात, म्हणाल्या, "नाही, ही इथली हाउसकीपर." अठराव्या शतकातही या घराला पाहुणे येत, आणि छापील यादी घेऊन गार्नेटबाई त्यांना घर दाखवत. १७७७ मध्ये शब्दकोशकार डॉक्टर जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार बॉस्वेल आले, तेव्हाही घर दाखवायला हाउसकीपरच पुढे झाली, आणि तिच्या स्पष्ट बोलण्याची बॉस्वेलने नोंद करून ठेवली. जॉन्सनला घर फारसं रुचलं नाही. हे नगर-सभागृह म्हणून छान चालेल, असा त्याचा शेरा. पण बाईंची नोंद राहिली, चित्र राहिलं.

एवढ्या सरदार-उमरावांच्या चित्रांत घर झाडणारी, किल्ल्या सांभाळणारी, दाखवणारी एक बाई. मी तिथून हललेच नाही. मला आमच्या वाड्यातल्या स्वयंपाकाच्या मावशी आठवल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना वाड्यात तीस वर्षं झाली होती. कोणत्या फडताळात काय, कुणाला कोणतं पथ्य, सगळं त्यांना पाठ. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे आहे, असं मला आठवेना.

शेवटचं घर कॅल्क ॲबी. नाव मठाचं असलं तरी आहे घरच. हार्पर-क्रू घराण्यातली माणसं एकलकोंडी आणि काही टाकून न देणारी. खोली भरली की दार बंद करायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. वीज आली ती १९६२ मध्ये. १९८५ मध्ये ट्रस्टने घर घेतलं तेव्हा अठराव्या शतकातला चिनी रेशमाचा एक पलंग खोक्यातच होता, कधी उभाच केलेला नव्हता. ट्रस्टने ठरवलं की हे घर रंगवून चकचकीत करायचं नाही. पोपडे, पेंढा भरलेले पक्षी, मोडक्या खुर्च्या, सगळं जसं सापडलं तसं. हे हळूच म्हणाले, "आपल्या बंद खोल्या उघडल्या तर असंच निघेल." दोघंही हसलो, पण परतताना गाडीत कुणी फार बोललं नाही.

परत आल्यावर मी ग्रुपवर एवढंच लिहिलं: "विकायचं की ठेवायचं ते दिवाळीत ठरवा. त्याआधी खोल्या उघडू." एका रविवारी पुतण्याची मुलगी मोबाइल घेऊन चित्रण करत होती, जाऊबाई खुर्चीवर बसून सांगत होत्या, आणि मी गार्नेटबाईंचं काम करत होते. घर दाखवायला सुरुवात मुद्दाम मागच्या दारापासून केली. विहीर, चूल, पाटा, भांडी घासायचा कट्टा, आणि मग दिवाणखाना. तिसऱ्या खोलीतल्या ट्रंकेत एका मुंजीचा फोटो निघाला. सगळे पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे उभ्या, आणि अगदी कडेला, अर्ध्या कापलेल्या, हातात परात घेतलेल्या मावशी. जाऊबाईंनी त्यांचं पूर्ण नाव सांगितलं. आम्ही ते फोटोमागे लिहिलं.

वाड्याचं अजून ठरलेलं नाही. बहुतेक जाईलच, ज्यांचं घर गळतंय त्यांना दुरून उपदेश करणं सोपं असतं, हे मलाही कळतं. पण तुमच्यापैकी ज्यांच्या घरी एखादी बंद खोली आणि एखादी बोलू शकणारी आजी आहे, त्यांनी एक रविवार काढा. आजीला म्हणा, "मला घर दाखव." आणि माजघराच्या आधी मागच्या दारापाशी जा. तिथे कोण कोण राबत होतं, त्यांची नावं आधी विचारून घ्या.